वाटसरू, वाहन आणि संकेत : मालवण किनाऱ्यावरील रस्ता-संवादाचा इतिहास आणि ‘वर्धित वास्तवा’चा प्रश्न

‘पादचारी’ हा शब्द संस्कृतात जुना असला, तरी मराठी व्यवहारात तो रुळला तो प्रामुख्याने नगरपालिकांच्या पाट्या आणि मोटार वाहनांविषयीचे कायदे यांच्यामागून. मालवण, वेंगुर्ले, देवगड ह्या पट्ट्यातील बोलीला अशा शब्दाची गरज भासलेली दिसत नाही. ‘वाटसरू’ होता, पण तो परगावचा. गावातला माणूस नुसता चालत असे. सर्वच चालतात तेथे चालणाऱ्याला वेगळे नाव देण्याचे कारण उरत नाही. पुढे रस्ता वाहनासाठी आहे असे मानले जाऊ लागले, आणि चालणारा हा एक स्वतंत्र वर्ग ठरून त्याला नाव, नियम व जागा नेमून देण्यात आली. त्या वर्गाशी वाहनाने कसे बोलावे आणि त्याने वाहनाला कसे उत्तर द्यावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. गेल्या काही वर्षांत त्याला एक नवे उत्तर सुचविण्यात आले आहे. चालणाऱ्याने एक विशिष्ट चष्मा घालावा, आणि समोरून येणारे वाहन थांबणार की नाही हे त्या चष्म्याने प्रत्यक्ष रस्त्यावरच चितारून दाखवावे, असे त्याचे स्वरूप आहे. ह्या तंत्रास ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ म्हणतात. मराठीत ‘वर्धित वास्तव’ ही संज्ञा रूढ होऊ पाहत आहे. सिंधुदुर्गाच्या रस्त्यांवर असा चष्मा अद्याप आलेला नाही. तथापि ह्या सूचनेचे मोल ठरवावयाचे, तर ह्या रस्त्यांवर आजवर कोण कोणाशी कसे बोलत आले, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

हा किनारा मुळात रस्त्यांचा नव्हेच. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू झाले, तेव्हा आणि त्यानंतरही फार काळ येथील मोठी वाहतूक पाण्यावरून चाले. गलबते, मचवे, पडाव आणि पुढे आगबोटी हीच येथील खरी वाहने होती. जमिनीवर पायवाटा, घाट्या, ओढ्यांवरचे साकव आणि खाड्यांवरच्या तरी एवढाच पसारा होता. बैलगाडी चालेल असे रस्ते मोजके होते. वेंगुर्ले बंदरातून आंबोली घाटाने बेळगावाकडे जाणारा रस्ता हा त्यांतील प्रमुख. अशा प्रदेशात संकेतांची जी सामग्री तयार झाली, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा असत आणि गाडीच्या खाली कंदील टांगलेला असे. डाक नेणाऱ्या धावकाच्या काठीलाही घुंगरू असत. रात्री वाट चालणारा मनुष्य वाळलेल्या झावळांची पेटती चूड हाती धरी, नाही तर घुंगुरकाठी आपटीत जाई. ह्यांपैकी घुंगुरकाठीचा श्रोता माणूस नसून साप असे, ही गोष्ट गमतीची वाटली, तरी विचारात घेण्याजोगी आहे. वाहनाने आपल्याला ओळखावे म्हणून चालणाऱ्याने काही जवळ बाळगावे, अशी अपेक्षा त्या व्यवस्थेत नव्हती. जो वेगाने जातो किंवा जड ओझे ओढतो, त्याने वाजत जावे, ही रीत होती.

ही रीत म्हणजे समतेचा काळ होता, असे मात्र समजू नये. पालखी, मेणा, डोली ह्यांपुढे ‘बाजू’, ‘हो बाजूला’ असे पुकारीत जाणे म्हणजे वाट मागणे नसून अधिकार सांगणे होते. त्याहून कठोर उदाहरण घाटावरचे आहे. पेशवाईत सवर्ण हिंदू येत असता अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती, आणि ओळख पटावी म्हणून त्याला मनगटात वा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ह्या ग्रंथात नमूद केले आहे. दोऱ्याचा हेतू सुरक्षेचा नव्हता, हे उघड आहे. म्हणून आजच्या उपकरणांशी त्याची बरोबरी करणे गैर ठरेल. परंतु रस्त्यावर खूण कोणी वागवावी ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ सोयीने ठरत नाही, ते सत्तेने ठरते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

यंत्रचलित वाहन आले तेव्हा प्रथम त्याच्यावरच खुणेचे ओझे टाकले गेले. इंग्लंडातील १८६५ च्या कायद्याने अशा वाहनापुढे किमान साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला मनुष्य पायी चालवावयास लावला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. घोडा किंवा घोडागाडी घेऊन जाणाऱ्या कोणाही व्यक्तीने हात वर केल्यास वाहन तत्काळ थांबले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. निशाणाची अट १८७८ मध्ये सैल झाली आणि १८९६ मध्ये ती व्यवस्थाच मोडली. त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धक्क्याने मृत्यू पावलेली ब्रिटनमधील पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. वर केलेल्या हाताची आठवण मात्र कायद्याच्या भाषेत टिकली, आणि ती भारतातही आली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ नुसार, जनावर घेऊन जाणाऱ्या मनुष्याला ते बुजून अनावर होईल अशी भीती वाटली आणि त्याने तसे सांगितले, तर चालकाने वाहन थांबविले पाहिजे. कुडाळच्या बाजारातून बैल घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्याला अशा प्रकारे मोटार थांबविण्याचा अधिकार आहे. बैल विकून तो एकटा परत निघाला, तर त्या कलमाचा त्याला उपयोग नाही! कायदेकारांच्या मनात जनावराचे भय खरे होते. माणसाचे भय त्याने स्वतः सांभाळावे, असा ह्याचा अर्थ होतो.

मोटारीने स्वतःचा आवाज आणला. रबरी फुगा दाबून वाजणाऱ्या भोंप्यापासून विजेवरच्या हॉर्नपर्यंत त्याचा विकास झाला. तान्ह्या मुलांच्या भाषेत तर वाहनाचे नावच त्याच्या आवाजावरून ‘पों पों’ असे पडले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हॉर्न हे विलक्षण वाक्य आहे. ‘मी आलो’, ‘बाजूला हो’, ‘मी थांबणार नाही’ आणि क्वचित ‘तू जा’ हे सारे अर्थ एकाच ध्वनीत कोंबलेले असतात, आणि त्यांतील कोणता घ्यावा हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते. गरजेपेक्षा अधिक किंवा सतत हॉर्न वाजवू नये, असे १९८९ च्या रस्ता-नियमांनी सांगितले. त्यांची जागा घेणारी नवी नियमावली २०१७ मध्ये आली. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ ह्या अक्षरांवर महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २०१५ रोजी बंदी घातली. ती विनंती मागच्या वाहनाला केलेली असे. वाहनांच्या ह्या आपसांतल्या संभाषणात चालणारा कोठेच नव्हता.

ह्याला एक सन्मान्य अपवाद घडला, तो एस.टी.मुळे. मुंबई राज्याच्या सरकारी परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, आणि खासगी ‘सर्व्हिस मोटारीं’ची जागा क्रमाने लाल गाडीने घेतली. कोकणच्या खेड्यांत एस.टी. हे एकाच वेळी वाहन, टपाल आणि घड्याळ होते. तिची स्वतःची संकेतव्यवस्था होती. वाहकाने दोरी ओढून एक घंटा दिली की थांबा, दोन दिल्या की चला, हे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलालाही ठाऊक असे. पुढे महामंडळाने ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही योजना काढली. भाषेच्या अभ्यासकाला तिचे महत्त्व विशेष वाटावे. १८६५ च्या कायद्याने घोडेस्वाराला दिलेला हाताचा संकेत येथे प्रथमच, जनावराची अट न घालता, पायी उभ्या असलेल्या माणसाला मिळाला. आणि त्या हाताला उत्तर देणे हे चालकाचे कर्तव्य ठरले. मराठीत ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण आधीपासूनच होती, आणि भर पावसात हात दाखवूनही गाडी निघून गेली की उतारू ती हटकून आठवीत. तरीही योजनेचे तत्त्व दोघांच्या संवादाचे होते.

ह्याच काळातील आणखी एक उच्चार नोंदविण्याजोगा आहे. मालवणी मुलखात रस्त्याकडेने चार माणसे जात असली, की मागचा पुढच्याला म्हणतो, ‘गाडी इली रे, बाजूक रव.’ हा उच्चार वाहनाचा नाही, चालकाचाही नाही. एका चालणाऱ्याने दुसऱ्याला केलेला आहे. वाहनाचा इशारा ऐकू आला नाही, डोक्यावरच्या इरल्यावर पाऊस वाजत असला, किंवा माशांची पाटी डोक्यावर असल्याने मान वळविता आली नाही, तरी शेजारच्याचा शब्द कानी पडतो. ह्याचे कारण हॉर्न, प्रकाश, हात, शिटी हे सर्व संकेत सार्वजनिक असतात. रस्त्यावरील प्रत्येकाला ते एकच दिसतात आणि एकच ऐकू येतात. म्हणून एक माणूस दुसऱ्याची चूक दुरुस्त करू शकतो, आणि अपघातानंतर ‘हॉर्न वाजला नव्हता’ अशी साक्षही देऊ शकतो.

रस्ता रुंद झाला तसा हा संवाद क्षीण झाला. अमेरिकेत ही घटना आधी घडली. रस्त्यावर भलतीकडून चालणाऱ्याला तेथे ‘जेवॉकर’ हे नाव पडले. त्यातील ‘जे’ म्हणजे गावंढळ, शहराची रीत न कळणारा. मोटार-व्यवसायाच्या प्रचाराने हा शब्द कसा रुजविला आणि लॉस एंजेलिसच्या १९२५ च्या नियमांनी चालणाऱ्याला कसे बांधून टाकले, हे पीटर नॉर्टन यांनी ‘फायटिंग ट्रॅफिक’ (२००८) ह्या ग्रंथात दाखविले आहे. एका शब्दाने दोष चालणाऱ्याच्या पदरात घातला. आपल्याकडे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्या वेळी मुंबई–गोवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणून गावागावांतून वाकत जात होता. २०१० मध्ये त्याला ६६ हा क्रमांक मिळाला, आणि नंतरच्या चौपदरीकरणाने त्याचे स्वरूपच पालटले. कणकवलीत तो उड्डाणपुलावर चढला. इतरत्र मधल्या दुभाजकाने एकाच गावाची दोन अंगे केली. तो ओलांडण्याच्या जागेला स्थानिक वृत्तपत्रे आणि माणसे ‘मिडलकट’ म्हणतात, आणि कोठे मिडलकट असावा, कोठे बंद करावा, हा ह्या जिल्ह्यात आंदोलनाचा विषय होऊन बसला आहे. येथे डंपरशी हाताने बोलता येत नाही, कारण हात दिसण्याच्या अंतरावर त्याचा निर्णय होऊन गेलेला असतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

ह्या पार्श्वभूमीवर नव्या उपायाकडे पाहावे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवावयाचे पहिले प्रदर्शक यंत्र सिद्ध केले. ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ ही संज्ञा बोईंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या १९९२ च्या निबंधामुळे प्रचारात आली. विमानाच्या तारा जोडणाऱ्या कामगारास योग्य जागा डोळ्यांपुढे दाखविणे हा तेथे हेतू होता. दृश्य जगावर कृत्रिम चिन्ह बसविणे, ते जागच्या जागी राहणे आणि पाहणाऱ्याबरोबर तत्काळ बदलणे, ही तीन लक्षणे रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये स्थिर केली. ‘वर्धित’ ह्या शब्दाने वास्तवच वाढते असा भास होतो. वस्तुतः वाढते ते चिन्ह. वेदान्त्यांचा ‘अध्यारोप’ हा शब्द येथे अधिक नेमका ठरला असता. असो. चालकाविना चालणाऱ्या वाहनांचे प्रयोग सुरू झाल्यावर चालणाऱ्याने कोणाच्या डोळ्यांत पाहावे, हा प्रश्न उभा राहिला. प्रथम वाहनावरच चिन्हे लावण्यात आली. २०१५ मध्ये मर्सिडीज कंपनीच्या एका प्रायोगिक मोटारीने रस्त्यावर प्रकाशाचे झेब्रा-पट्टे टाकून दाखविले, तर २०१८ मध्ये जग्वार लँड रोव्हरने वाहनाला कृत्रिम डोळे बसवून पाहिले. त्यानंतर चिन्ह वाहनावरून उचलून चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आणण्याचा विचार आला. डेल्फ्ट आणि लीड्स येथील विल्बर्ट टॅबोने आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये अशा नऊ रचना मांडल्या. एकीत चष्म्यातून रस्त्यावर झेब्रा-पट्टे उमटतात, दुसरीत वाटेच्या दोन्ही अंगांस आभासी कुंपण उभे राहते, तिसरीत वाहन पुढच्या क्षणी कोठे असेल ते पारदर्शक छायामोटारीने दिसते. आणखी एकीत वाहनापुढचे सुरक्षित क्षेत्र आखले जाते. ही कल्पना गिब्सन आणि क्रुक्स यांच्या १९३८ च्या मोटारचालनविषयक निबंधातून घेतलेली आहे. पुढे पाच युरोपीय देशांतील सुमारे एक हजार लोकांची मते घेतली असता, सिग्नलचे दिवे आणि झेब्रा-पट्टे ह्यांसारख्या परिचित चिन्हांशी जुळणाऱ्या रचनांना अधिक पसंती मिळाली. भाषेच्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटणार नाही. नवी लिपी शोधणाऱ्यांनाही वाचकाच्या जुन्या अक्षरओळखीवरच उभे राहावे लागते.

खरी अडचण पुढे आहे. भारतीय न्यायशास्त्र ‘लिंग’ म्हणजे अनुमानाचे चिन्ह आणि ‘संकेत’ म्हणजे ठरवून घेतलेला शब्दार्थसंबंध ह्यांत भेद करते. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. धूर अग्नीविषयी खोटे बोलण्याचा बेत करीत नाही. वाहनाचा वेग मंदावणे हे लिंग आहे, हिरवा दिवा हा संकेत आहे. यी मुन ली, नताशा मेरात आणि त्यांचे सहकारी यांनी ग्रीस, इंग्लंड आणि जर्मनी येथील शहरांत सुमारे सातशे प्रसंगांचे निरीक्षण केले. हात, डोके किंवा दिवा ह्यांचा उघड संकेत माणसे क्वचितच करतात, आणि बहुतेक व्यवहार वेग व अंतर ह्यांवरून जमतो, असे त्यांनी २०२१ मध्ये दाखविले. मालवणच्या पेठेत पाच मिनिटे उभे राहणारास हे वेगळे सांगावयास नको. तेथील अरुंद रस्त्यात रिक्षा, दुचाकी, पर्यटकांच्या मोटारी आणि पाटी घेतलेल्या बाया ज्या रीतीने एकमेकांना वाट देतात, तिला शब्द नाहीत. ही रीत चालते ती वेग कमी असतो म्हणून. तेव्हा चष्म्यातील हिरवे चिन्ह लिंगाची जागा घेणार असेल, तर त्या चिन्हाचा वक्ता कोण, हे ठरविणे भाग आहे. वाहनाचा उत्पादक, चष्म्याचा निर्माता, की मधली संदेशवाहक व्यवस्था? जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ च्या ग्रंथाने वचन देणे ही एक कृती आहे हे दाखविले, आणि कृतीला कर्ता लागतो.

दुसरी अडचण मौनाची आहे. पाणिनीय परंपरेत लोप पावलेला प्रत्ययही अर्थ देतो, परंतु तो दिसणे अपेक्षित आहे असे सर्वांना माहीत असते म्हणून. सर्व वाहने बोलकी असतील, तर चष्म्यात चिन्ह न उमटणे ह्यालाही निश्चित अर्थ येईल. काही बोलकी आणि काही मुकी असतील, तर तो अर्थ नाहीसा होईल. चिऱ्याचा ट्रक, जुनी एस.टी., दुचाकी आणि अद्ययावत मोटार एकाच रस्त्यावरून जात असता चष्म्यातील रिकामी जागा ‘वाहन नाही’ असे सांगते, की ‘वाहन आहे पण बोलत नाही’ असे सांगते, हे पाटी घेतलेल्या बाईने कसे ओळखावे? तिने चष्मा घेतला आणि तिच्या शेजारणीने घेतला नाही, तर दोघी एकाच मिडलकटवर उभ्या राहून दोन निरनिराळे रस्ते पाहतील. ‘गाडी इली रे’ हे वाक्य ज्या समान अनुभवावर उभे होते तो येथे सुटतो. सार्वजनिक संकेत खासगी झाला, की शेजाऱ्याला तो दुरुस्त करता येत नाही आणि साक्षीदारही उरत नाही. शिवाय चष्मा न घालता रस्त्यावर येणे हीच उद्या चूक ठरली, तर ‘जेवॉकर’ ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधावा लागेल.

असे असूनही हा उपाय सर्वस्वी टाकाऊ ठरविणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात आंबोली घाटात धुके इतके दाटते की समोरच्या मोटारीचा दिवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि धबधब्यापाशी पाण्याच्या आवाजात हॉर्न बुडून जातो. त्याच रस्त्यावर शेकडो पर्यटक मोटारींच्या मधून पायी हिंडत असतात. जेथे लिंगही नाही आणि जुना संकेतही पोचत नाही, तेथे वळणापलीकडच्या वाहनाची छाया डोळ्यांपुढे आली तर जीव वाचेल, हे मान्य केले पाहिजे. कानाने ऐकू न येणाऱ्या माणसाला तर हा लाभ धुक्याविनाही आहे. हॉर्नच्या राज्यात त्याचा विचार कधीच झाला नव्हता.

आजवरचे बहुतेक प्रयोग एक पादचारी आणि एक वाहन एवढ्यावरच रचलेले आहेत, ही मर्यादा ह्या क्षेत्रातील संशोधकांनीच दाखवून दिली आहे. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीवर भरत नाही. देवीच्या कौलाने दिवस निघतो, आणि त्या दिवशी लाखो माणसे मसुरे भागातील रस्त्यांवर उतरतात. त्या गर्दीत कोणते वाहन कोणत्या माणसाला उद्देशून बोलते हे ठरविणारी रचना ह्या नऊ रचनांत नाही. अशा गर्दीतून गाडी न्यावयाची झाल्यास कोणी तरी खाली उतरतो, गाडीपुढे चालू लागतो, आणि हात वर करून माणसांना व चालकाला आळीपाळीने थांबवीत वाट काढतो.